उसवलेला टाका

माझी मावशी गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत असे आणि साड्यांना फॉल लावून देत असे. खोलीच्या दाराशी, गॅलरीतला उजेड जिथवर आत येई तिथवर, तिची चटई असे. शेजारी रिळांचा पत्र्याचा डबा, कात्री आणि घडी घातलेल्या साड्यांची चळत. फॉलची खालची कड ती यंत्रावर मारून घेई, पण वरची कड मात्र हातानेच तुरपे, आणि तुरपताना साडीचा एखादाच धागा सुईवर घेई, म्हणजे सुलट बाजूला टाका दिसत नसे. साडी परत देण्यापूर्वी ती कड उजेडात तिरपी धरून बोट फिरवत पाही, आणि एखाद्या ठिकाणी कापड चुणलेले लागले तर तेवढाच भाग उसवून पुन्हा घालीत असे. गिऱ्हाइकाला ते कधी कळलेही नसते, असे मी म्हटले की ती उत्तर देत नसे.

1984 साली मी इंग्रजी साहित्य घेऊन एम. ए. करत होते आणि अभ्यासाला म्हणून दुपारी तिच्याकडे जात असे. आमच्या अभ्यासक्रमात सुझन ग्लॅस्पेल यांची 1916 सालची एकांकिका होती, आणि त्याच कथानकावर त्यांनी पुढच्याच वर्षी लिहिलेली ‘अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स’ ही कथा मी ग्रंथालयातून शोधून आणली होती. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न होता प्रतीकांचा, आणि त्याचे उत्तर मला तोंडपाठ होते : कॅनरी पक्षी म्हणजे नायिकेचा गळा, पिंजरा म्हणजे तिचा संसार, त्याची मोडलेली बिजागरी म्हणजे नवऱ्याची दांडगाई. बाजारातल्या गाइडमध्ये हे सारे दोन रकान्यांत छापलेले असे, डावीकडे वस्तू आणि उजवीकडे अर्थ. या उत्तराला मला चांगले गुणही मिळाले. ते लिहिताना मी कथेतल्या पुरुषांच्या बाजूला उभी होते, हे मावशीला ती कथा मराठीतून सांगितली तेव्हा हळूहळू लक्षात येऊ लागले.

कथा थोडक्यात अशी. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एका शेतघरात जॉन राइट नावाचा शेतकरी रात्री अंथरुणातच दोराने गळा आवळून मारला गेला आहे आणि त्याची बायको मिनी कैदेत आहे. शेरीफ, सरकारी वकील आणि मृतदेह पाहणारा शेजारी पुरावा शोधायला घरात येतात. सोबत शेजाऱ्याची बायको मिसेस हेल आणि शेरीफची बायको मिसेस पीटर्स याही असतात, मिनीला कैदेत लागणारे कपडे न्यायला. पुरुष माडीवर आणि गोठ्यात हिंडतात, कारण गुन्ह्याचा हेतू तिथे सापडेल अशी त्यांची खात्री असते. बायका स्वयंपाकघरात थांबतात. तिथे अर्धवट पुसलेले टेबल आहे, झाकण न लावलेला साखरेचा डबा आहे, थंडीने तडकलेल्या मुरांब्याच्या बरण्या आहेत आणि त्यांतली एकच शाबूत राहिलेली आहे. शिवणाच्या टोपलीत गोधडीचे तुकडे आहेत. ही गोधडी ती धावदोऱ्याने शिवणार होती की ठिकठिकाणी नुसत्या गाठी मारणार होती, असा प्रश्न बायकांना पडतो आणि तो कानावर पडताच पुरुष हसतात. पुढे एक तुकडा असा निघतो की बाकी सगळे टाके सारखे, सुबक, आणि याचे मात्र वेडेवाकडे, जणू शिवणारीला आपण काय करतो आहोत याचे भानच नव्हते. मिसेस हेल तो दोरा ओढून काढते आणि तिथे नीट टाके घालू लागते. पक्षी त्यानंतर सापडतो, एका सुंदर डबीत, रेशमी कापडात गुंडाळलेला, मान मुरगळलेला.

पक्ष्यापाशी मी आवाज थोडा उतरवला, कारण कथेचा कळस तिथेच आहे असे मला शिकवले गेले होते. मावशी मात्र अजून टाक्यापाशीच होती. तिने विचारले, “का उसवलं तिनं?” मी म्हटले, पुरावा नष्ट करायला. “कसला पुरावा? ते गडी टोपलीत हात तरी घालणार होते का?” मग तिने हातातली साडी माझ्यासमोर धरली आणि दाखवले की मन ठिकाणावर नसताना दोरा आधी जास्त ओढला जातो, कापड आकसते, ते आकसलेले पाहून पुढचा टाका आपण सैल आणि लांब घालतो, आणि मग तो मागचा सांभाळून घेण्याच्या नादात शिवण तिरकी जाते. एवढे बिघडलेले शिवण म्हणजे बाई रडत होती किंवा रागाने थरथरत होती, आणि तरीही हातातले काम तिने खाली ठेवले नव्हते. कॅनरी म्हणजे स्वातंत्र्य, असे मी घाईने सांगून टाकले. “असेल,” ती म्हणाली, “पण पक्षी मेला ते सगळ्यांनाच कळेल. टाका बिघडला ते कुणाला कळलं?”

कथेतला खरा पुरावा हा असा आहे की तो वाचायला शिवण यावे लागते. ‘तिच्या बरोबरीच्यांची ज्यूरी’ या शीर्षकातला उपरोधही तिथेच आहे, कारण त्या काळी आयोवात स्त्रियांना ज्यूरीत बसण्याचा अधिकार नव्हता, आणि तरी या खटल्याचा निवाडा स्वयंपाकघरात दोघी बायकाच करून मोकळ्या होतात. ग्लॅस्पेल तरुणपणी वार्ताहर होत्या आणि 1900 सालच्या डिसेंबरात आयोवातच घडलेल्या हॉसॅक खुनाच्या बातम्या त्यांनी वृत्तपत्रासाठी लिहिल्या होत्या; कथेचे बीज त्यात आहे. त्या खऱ्या घटनेत नवरा झोपेत कुऱ्हाडीच्या घावांनी मेला होता. कथेत कुऱ्हाड गेली आणि दोर आला. हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण दोर आल्याबरोबर पक्ष्याची मान, नवऱ्याचा गळा आणि गोधडीची गाठ या तिन्ही गोष्टी एका हाताच्या होतात. कथेच्या शेवटच्या ओळीत सरकारी वकील थट्टेने विचारतो, गोधडीचे ती काय करणार होती म्हणालात? मिसेस हेल कोटाच्या खिशावर हात दाबून सांगते की गाठी मारणार होती. पक्ष्याची डबी त्या खिशात आहे. मराठीत ‘लग्नगाठ’ आणि ‘गळ्याला गाठ’ असे दोन्ही शब्द असल्यामुळे ती ओळ आपल्याला मुळापेक्षाही थोडी अधिक टोचते.

फ्लॅनरी ओ’कॉनर यांची 1955 सालची एक कथा आहे, ‘गुड कंट्री पीपल’. तिच्यात तत्त्वज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या एका मुलीचा लाकडी पाय बायबल विकणारा भामटा पळवून नेतो. त्या कथेविषयी लिहिताना ओ’कॉनर यांनी म्हटले आहे की तो पाय कथेत अर्थ साठवत जातो हे खरे, पण आधी तो लाकडी पायच आहे. मावशीचे म्हणणे याहून निराळे नव्हते.

वस्तू ओळखीची नसली की काय होते याचा अनुभव मला शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या ‘द यलो वॉलपेपर’ने दिला. ही 1892 सालची कथा आहे. नुकत्याच बाळंत झालेल्या एका स्त्रीला तिचा डॉक्टर नवरा हवापालटासाठी भाड्याच्या वाड्यात आणतो, वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवतो आणि लिहिण्याची बंदी करतो. खोलीतला पिवळा, जागोजाग फाटलेला भिंतकागद ती दिवसरात्र पाहते, आणि हळूहळू त्याच्या नक्षीमागे एक बाई वाकून सरपटताना आणि चांदण्यात नक्षीचे गज हलवताना तिला दिसू लागते. विद्यार्थिदशेत ही कथा मला मुळीच भिडली नाही, कारण भिंतीला कागद चिकटवलेले घर मी पाहिलेलेच नव्हते. आमच्या भिंतींना चुना असे, फार तर डिस्टेंपर, आणि कागद असलाच तर फडताळात अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्राचा. ‘पिवळा कागद म्हणजे पुरुषसत्ताक व्यवस्था’ असे मी वहीत उतरवून घेतले आणि पान उलटले.

पुढे माझे पहिले बाळंतपण जुलैत झाले. आईच्या घरी ज्या खोलीत मी होते तिची पश्चिमेकडची भिंत पावसाळ्यात ओल धरत असे. आधी एक करडा डाग उमटे, त्याला कडेने तपकिरी रेघ येई, मग पोपडा फुगे आणि दोन दिवसांनी अंथरुणावर पडे. त्याखाली आधीच्या रंगाचा हिरवा थर दिसे, आणि त्या हिरव्याला बेटासारखा आकार असे. खोलीत धुरीचा वास, शेकाची शेगडी, आणि वाचायला मनाई, कारण बाळंतिणीने वाचले तर डोळे अधू होतात असे घरातल्या सगळ्या बायका एकमुखाने सांगत. सव्वा महिना मी ती भिंत वाचली. पंधराव्या दिवसापर्यंत त्या हिरव्या बेटाला नाक आणि हनुवटी फुटली होती. वेड लागण्याची वेळ आली नाही, कारण माझ्या खोलीत माणसांची ये-जा होती, बाळ माझ्याजवळ होते आणि मनाई करणाऱ्या बायका मायेने वागत होत्या. पण गिलमन यांची कथा मला त्या अंथरुणावर, पुस्तक हातात नसताना कळली.

हा कागद गिलमन यांनी हवेतून आणलेला नव्हता. त्यांना स्वतःला नैराश्य आले असताना प्रख्यात डॉक्टर वियर मिचेल यांनी विश्रांतीचा उपचार सांगितला होता, आणि 1913 साली लिहिलेल्या एका छोट्या टिपणात त्यांनी त्या सूचना नोंदवल्या आहेत : होता होईल तेवढे घरगुती जीवन जगावे, दिवसातून दोनच तास बौद्धिक काम करावे आणि लेखणी, कुंचला किंवा पेन्सिल जन्मात पुन्हा हाती धरू नये. कागदावर लिहायला बंदी असलेली बाई भिंतीवरचा कागद वाचत सुटते, हे इतके सरळ आहे की प्रतीक हा शब्द वापरावासाही वाटत नाही. ती खोली पूर्वी लहान मुलांची होती, हा त्या कथेतला मला सर्वांत जाचणारा तपशील आहे. खिडक्यांना गज आहेत ते मुले पडू नयेत म्हणून, भिंतींत कड्या आहेत त्या मुलांच्या खेळाच्या, असे निवेदिका स्वतःची समजूत घालते, आणि नवरा तिला लाडाने लहान मुलीसारखी हाक मारतो. पलंग मात्र जमिनीला खिळवलेला आहे आणि त्याचे लाकूड कुरतडलेले आहे. शिक्षक म्हणून मी वर्गात नेहमी या पलंगापाशी थांबत असे, कारण कागदाचा अर्थ मुली गाइडमधून पाठ करून येत आणि पलंगाबद्दल गाइडात काही नसे.

लिहिण्याच्या बंदीची आपल्याकडची कथा ‘द यलो वॉलपेपर’च्याच दशकातली आहे आणि ती रवींद्रनाथांची आहे. ‘खाता’ म्हणजे वही. उमा नावाची छोटी मुलगी अक्षरे गिरवायला शिकल्यापासून घराच्या भिंतींवर कोळशाने आणि थोरल्या भावाच्या कागदांवर लिहीत सुटते. शेवटी तिला एक वही मिळते. नवव्या वर्षी लग्न होऊन ती सासरी जाते तेव्हा सोबत गेलेली म्हातारी दासी ती वहीही नेते. सासरी उमा दार लावून लिहिते, नणंदा दाराच्या फटीतून पाहतात आणि नवऱ्याच्या कानावर घालतात. मग शरद ऋतूच्या एका सकाळी एक भिकारीण आगमनीचे गाणे म्हणत दारावर येते. देवी उमा वर्षातून एकदा माहेरी येते, त्या येण्याची ही बंगालातली गाणी. छोटी उमा ते गाणे वहीत उतरवून घेते आणि पकडली जाते. वही नवऱ्याकडे जाते. शेवटी रवींद्रनाथ एवढेच सांगतात की नवऱ्याजवळही सूक्ष्म तत्त्वांच्या लेखांनी भरलेली एक वही होती, पण ती हिसकावून घेऊन नष्ट करील असा माणसांचा हितकर्ता कोणी नव्हता.

महाराष्ट्रातल्या वाचकाला ही कथा वाचताना भोंडला आठवला नाही तरच नवल. तोच आश्विन, आणि तीच माहेराची ओढ. पाटावर हत्ती मांडून त्याभोवती फेर धरताना आम्ही चाळीच्या गच्चीवर कारल्याच्या वेलाचे गाणे म्हणत असू, त्यात सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू तिला आधी कारल्याचे बी पेरायला सांगते. मग कोंब येऊ दे, वेल चढू दे, फूल येऊ दे, कारले लागू दे, भाजी कर, जेव, उष्टे काढ, आणि एवढे झाल्यावर सासऱ्याला विचार. काकडीचा किंवा दुधीचा वेल तिथे चालला नसता. आम्ही मुली ते टाळ्या वाजवत म्हणत असू आणि आमचे लक्ष खिरापत ओळखण्याकडे असे. पण थांबवून ठेवण्याचे इतके अचूक चित्र मला छापील कथांत क्वचितच भेटले आहे.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. बाईविषयीच्या कथांतली प्रतीके माझ्या मते दोन जातींची असतात. एक बाहेरून पाहणाऱ्याची : फूल, वेल, पाखरू, ज्योत. दुसरी आतून वापरणाऱ्याची : टाका, वही, पलंग, कारले. पहिल्या जातीची प्रतीके सुंदर असतात आणि लवकर शिळी होतात. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकर यांनी 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा संग्रह काढला. त्यातली ‘कळी’ ही अगदी पहिल्या जातीची, शेकडो कवींनी हाताळून मऊ झालेली प्रतिमा, पण तिला ‘निःश्वास’ जोडल्याबरोबर ती पाहण्याची वस्तू राहत नाही, कारण निःश्वास ऐकायचा तर तिच्या अगदी जवळ जावे लागते. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाविना थांबलेल्या मुलींच्या मनातले लिहिल्याबद्दल त्या काळी एवढे वादळ उठले की ही विभावरी कोण याचीच चर्चा अधिक झाली. टोपणनावाचा अर्थ रात्र असा होतो, हे मला त्या संग्रहाचेच एक पान वाटते. उर्मिला पवार यांच्या ‘कवच’ कथेतले आंबे याउलट दुसऱ्या जातीचे. कोकणातली एक बाई आंबे विकते, बाजारातले पुरुष त्या शब्दावर द्व्यर्थी बोलतात, आणि तिचा शाळेत जाणारा मुलगा लाजेने अर्धा होतो. पण पाटीतले आंबे तिला विकायचे आहेत. ती त्या शब्दाला घाबरून चालणार नाही, हे तिला ठाऊक आहे आणि मुलाला अजून ठाऊक नाही.

केट शोपँ यांची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ ही 1894 सालची कथा सगळे उघड्या खिडकीसाठी शिकवतात. नवरा अपघातात गेल्याची बातमी ऐकून मिसेस मॅलर्ड खोलीत एकटी बसते, खिडकीबाहेर वसंत आहे, आणि दुःखाऐवजी सुटकेची लाट येते. खिडकीविषयी बोलण्यासारखे फारसे उरलेले नाही. मी किल्लीकडे पाहते. बाईने खोलीचे दार आतून लावून घेतले आहे आणि बहीण किल्लीच्या भोकाला ओठ लावून विनवते आहे. तासाभराने नवरा जिवंत परततो तेव्हा तो घराचा दरवाजा स्वतःच्या किल्लीने उघडून आत येतो. तिच्या वाट्याला एक तास, एक खोली आणि एक कडी आली, घराची किल्ली मात्र त्याच्या खिशातच होती. डॉक्टर म्हणतात, आनंदाच्या धक्क्याने गेली.

शिवणाकडे परत यायला हवे, कारण या विषयावरची मला माहीत असलेली सर्वांत थोर कथा शिवणाचीच आहे, आणि ती लिहिणाऱ्या इस्मत चुगताई यांचे निम्म्याहून अधिक आयुष्य मुंबईत गेले. त्यांचे नाव काढले की लोकांना 1942 सालची ‘लिहाफ’ आठवते : भिंतीवर रजईची सावली हत्तीसारखी हलते आहे, पाहणारी मुलगी इतकी लहान आहे की तिला हत्तीपलीकडे शब्द नाही, आणि म्हणूनच लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला चालला तेव्हा एकही अश्लील शब्द दाखवता आला नाही. (भोंडल्याचा हत्ती आणि हा हत्ती यांची गाठ माझ्या मनात नकळत पडून गेली आहे, त्याला माझा इलाज नाही.) पण मी म्हणते ती कथा ‘चौथी का जोडा’, म्हणजे लग्नाच्या चौथ्या दिवशी नवरीला घालायचा पोशाख. ती मी देवनागरीत छापलेल्या आवृत्तीतून वाचली.

कुबराची विधवा आई कापड बेतण्यात अशी निष्णात आहे की तोकडे पडणारे कापड घेऊन मोहल्ल्यातल्या बायका तिच्याकडे येतात आणि ती कुठून तरी तुकडा काढून पोशाख पुरा करून देते. आपल्या लेकीचा चौथीचा जोडा ती पुन्हा पुन्हा बेतते आणि प्रत्येक वेळी लग्न जमत नाही. राहत नावाचा एक नातलग मुलगा घरी राहायला येतो. त्याच्या पाहुणचारासाठी घरातले होते नव्हते ते दागिने विकले जातात, कुबरा पडद्याआडून त्याच्यासाठी रांधते, तो खाऊन पिऊन दुसरीकडे ठरलेल्या लग्नाला निघून जातो, आणि क्षयाने पोखरलेली कुबरा मरते. कथेच्या सुरुवातीला ओसरीच्या चौकीवर स्वच्छ जाजम अंथरलेले आहे, बायका भोवती बसल्या आहेत आणि आई कापड मोजते आहे. शेवटीही तेच जाजम, त्याच बायका, तीच कात्री. फक्त कापड पांढरे आहे आणि ते कफनाचे आहे. या वेळी कापड कमी पडत नाही. आईच्या चेहऱ्यावरची शांतता चुगताई अशी लिहितात की जणू हा जोडा तरी आता नक्की उपयोगी पडणार याची तिला खात्री आहे. मी वर्गात ही कथा दोनदा वाचून दाखवायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा शेवटचा परिच्छेद दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावा लागला.

निवृत्तीनंतर आम्ही काही जणी पार्ल्यात सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा कथावाचन करतो. गेल्या महिन्यात कॅथरिन मॅन्सफिल्ड यांची 1922 सालची ‘द डॉल्स हाउस’ मी मराठीत सांगत वाचली. बर्नेल मुलींना बाहुलीघर भेट येते, शाळेतल्या सगळ्या मुली ते पाहून जातात, फक्त धोबिणीच्या दोन मुलींना, लिल आणि एल्स केल्वी यांना, बोलावणे नाही. धाकटी केझिया एका दुपारी त्यांना गुपचूप आत घेते आणि बर्नेल मुलींची मावशी येऊन त्यांना कोंबड्या हुसकाव्यात तसे हाकलते. या कथेत काय घडते आहे हे मुंबईतल्या कोणत्याही मराठी श्रोत्याला समजावून सांगावे लागत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, जॅम पाझरून लाल डाग पडलेले सँडविच बाजूला बसून खाणाऱ्या त्या दोघी आपण निराळ्या नावांनी पाहिलेल्या आहेत. सगळ्यांचे लक्ष बाहुलीघरातल्या चिमुकल्या दिव्याकडे जाते, आणि ते बरोबरच आहे, कारण तो दिवा तेलाने भरल्यासारखा दिसतो, हलवला की आत काहीतरी हलते, पण तो पेटवता येत नाही. आमच्यातल्या एकीची नऊ वर्षांची नात सोबत आली होती. तिने सर्वांआधी विचारले, पेटत नाही तर त्यात तेल कशाला घातले?

मी मात्र या खेपेला कपड्यांपाशी अडकले होते. लिलचा झगा बर्नेलांच्याच घरातल्या टाकून दिलेल्या हिरव्या टेबलक्लॉथचा आहे आणि त्याच्या बाह्या दुसऱ्या एका घराच्या लाल मखमली पडद्यांच्या. बाहुलीघरात दिवाणखान्यात लाल मखमली खुर्च्या आहेत आणि जेवणघरात हिरव्या. इतकी वर्षे मी ही कथा शिकवली आणि हे दोन रंग शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. त्या घरात पाऊल टाकायची बंदी असलेली मुलगी त्याच घराचे सामान अंगावर घालून फाटकाशी उभी आहे, आणि ते कापड तिच्या आईने, लोकांचे कपडे धुऊन झाल्यावर, रात्री बसून शिवलेले असणार. मावशी असती तर हे तिला पहिल्या वाचनातच दिसले असते.

ग्लॅस्पेल यांची कथा सांगून झाल्यावर चारपाच दिवसांनी मी पुन्हा तिच्याकडे गेले होते. एका गडद निळ्या साडीची कड ती उजेडात तिरपी धरून पाहत होती. मान वर न करता म्हणाली, “ती शेजारीण, उसवणारी. ती तिच्याकडे किती दिवसांत गेली नव्हती म्हणालीस?” मी म्हटले, वर्षाहून जास्त. घर उदास आहे म्हणून जाववत नसे, आणि कथेत ती स्वतःच म्हणते की मी इकडे आले नाही हाच गुन्हा, आणि त्याची शिक्षा कोण देणार?

“मग बरोबर आहे. पुरावा-बिरावा काही नाही. दोघींनी मिळून शिवायला बसायचं राहून गेलं होतं, ते ती आता बसली.” एवढे बोलून तिने सुई माझ्या हातात दिली. “ओवून दे. निळ्यावर निळा दोरा मला आता दिसत नाही.”